रिकाम्या आकाशातली आजी

आजी गप्प होती, आणि त्याचा ताप बाईंच्या डोक्याला होता. आजी म्हणजे एक म्हातारा तारा. तो फुगायचा, आक्रसायचा आणि अंगावरचा वायू बाहेर टाकत राहायचा. त्या वायूतली पाण्याची वाफ एकाच ठरावीक लांबीच्या जोरदार रेडिओ लहरी सोडते, आणि वेधशाळेतल्या पडद्यावर तिचं टोकदार शिखर उमटतं. ते कधी चढतं, कधी उतरतं. बाईंनी उमेदीची वर्षं त्या एका शिखरापायी घालवली होती. नवरा म्हणायचा, "माझ्या आईची एवढी चौकशी केली असतीस, तर तिनं तुला डोक्यावर घेतलं असतं."

पण दीड वर्ष झालं, शिखर गायब होतं. बाकीचे तारे व्यवस्थित दिसत होते, त्यामुळे यंत्रावर संशय घ्यायला जागा नव्हती. आज दुपारच्या बैठकीत आजीला दिलेली वेळ काढून घेणार होते. मुक्या ताऱ्यावर रेडिओ दुर्बिणीची तबकडी किती दिवस अडकवून ठेवायची, असं मोठ्या साहेबांचं म्हणणं. बाईंना ते पटतही होतं आणि रडूही येत होतं.

वेध घ्यायची पद्धत साधी होती. तबकडी आधी ताऱ्याकडे रोखायची, मग शेजारच्या रिकाम्या आकाशाकडे, आणि पहिल्यातून दुसरं वजा करायचं. यंत्राची खरखर दोन्हीकडे सारखीच, ती निघून जाते आणि उरतो तो तारा. हे काम संगणकच करायचा. आज मात्र बाईंनी, शेवटचं म्हणून, वजाबाकीच्या आधीच्या आलेखाच्या दोन्ही रेघा उघडल्या.

नवरा त्याच वेधशाळेत तबकडीच्या मोटारी सांभाळायचा. जेवायला बोलवायला आला आणि खुर्चीमागे उभा राहिला.

"अगं, तुझं रिकामं आकाश रिकामं दिसत नाहीये."

बाई बुचकळ्यात पडल्या. रिकाम्या आकाशात शिखर होतं. ताऱ्याच्या रेघेतही होतं, त्याच जागी, तेवढंच. क्षणभर वाटलं, नवा तारा सापडला. मग वाटलं, बाहेर कुणाचं तरी यंत्र चालू आहे. मग काहीच वाटेना.

"तबकडी हलव बघू," नवरा म्हणाला.

बाईंनी हुकूम दिला. पडद्यावर अक्षरं आली: रिकामं आकाश. बाहेर काहीच झालं नाही. पूर्वी या हुकुमासरशी प्रत्येक वेळी तबकडी कण्हत सरकायची आणि खिडकीची काच थरथरायची.

"ती कुरकुर तूच घालवलीस ना, ग्रीस भरून?" बाईंनी विचारलं. "मी तुझं कौतुकही केलं होतं."

"केलं होतंस. मला वाटलं, मी केलेल्या डब्याचं करतेस. ग्रीस मी भरलंच नाही."

बाईंनी आपण भरलेला आकडा उघडून पाहिला. आजीच्या एका बाजूला दुसरा गोंगाटी तारा होता, म्हणून एकट्या तिचं रिकामं आकाश किती लांब घ्यायचं ते त्या हातानं भरायच्या. जुना संगणक तो आकडा कोनाच्या मिनिटांत घ्यायचा, दीड वर्षापूर्वी बसवलेला नवा सेकंदांत, म्हणजे साठपट कमी. बाईंनी सवयीनं तोच आकडा टाकला होता. तबकडी आजीवरून हललीच नव्हती. आजीतून आजीच वजा होत होती.

बैठकीत मोठ्या साहेबांनी कागद पुढे ओढला. "काय बाई, आजी अजून गप्पच ना?"

"ती बोलत होती, साहेब. मीच पुसत होते."

त्यांनी सगळं सांगितलं. कुणी रागावलं नाही, त्याचंच त्यांना जास्त लागलं. साहेबांनी वेळ कायम ठेवली आणि म्हणाले, "मग जुन्या रेघा काढा, दीड वर्षाचं गणित परत मांडू."

"संगणकात जागा अडते म्हणून महिनाअखेर आपण त्या पुसतो," बाई म्हणाल्या. "कालच पुसल्या."

साहेबांनी कागद बाजूला सारला. बाई पडद्यापाशी परतल्या, आकडा दुरुस्त केला. तबकडी कण्हली, काच थरथरली, आणि शिखर उभं राहिलं. आनंद झाला, पण पुरता होईना. नवऱ्यानं विचारलं, "चढतंय की उतरतंय?"

बाईंनी शेजारी आधीचं शेवटचं शिखर उघडलं; ते दीड वर्षापूर्वीचं होतं.

"मला माहीत नाही रे," त्या म्हणाल्या.