झेंडूच्या वाफ्यातला चहा

नवनाथने कपातला चहा झेंडूच्या वाफ्यात ओतला, कप झटकला आणि मान वर केली, तर समोर घरधनी सयाजीतात्या उभे.

तात्या काहीच बोलले नाहीत. एकदा ओल्या मातीकडे पाहिलं, एकदा नवनाथकडे, आणि डोक्यावरची टोपी सारखी करत ते घराकडे वळले. दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्या खाऊन माणूस मोकळा होतो, न बोललेलं मात्र अंगाला चिकटून राहतं. नवनाथने पुन्हा विहिरीवरच्या मोटारीच्या पॅनेलमध्ये डोकं घातलं, काम उरकलं आणि कोणाचा निरोप न घेता मोटारसायकलला किक मारली.

नवनाथ हा शेतावरच्या मोटारींचे स्टार्टर आणि पॅनेल दुरुस्त करणारा. आळ्यापासून खोडदपर्यंत कुणाचीही मोटार रुसली की फोन त्यालाच. हाताला यश होतं. डोक्याचं मात्र काही विचारू नका. एक काम हातात, दुसरं डोक्यात आणि तिसऱ्याला कालच ‘येतो’ म्हणून सांगितलेलं. पकड एका विहिरीवर राहायची, पाना दुसरीवर. गाडीची चावी शोधण्यात त्याचं निम्मं आयुष्य गेलं होतं. ‘नवनाथ आधी येतो आन त्याचं ध्यान मागच्या यष्टीनं येतं,’ असं लोक म्हणायचे. लोक हसायचे आणि तोही हसायचा.

मागच्या वर्षी हसणं थांबलं. मेन स्विच पाडायचा विसरून त्याने पॅनेलमध्ये हात घातला. उजव्या तळहातावरची खूण सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक आहे. त्याची मुलगी स्नेहा पुण्यात नर्सिंग शिकते. तिने दवाखान्यातच हट्ट धरला. “पप्पा, हा नुसता विसरभोळेपणा नाय. हे तपासून घ्यायचंच.”

पुण्याच्या डॉक्टरांनी पार शाळेपासूनचं सगळं उकरून काढलं आणि शेवटी नाव सांगितलं, एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचा आजार. मोठ्या माणसांतही असतो म्हणाले, फक्त त्यांना तोवर कोणी आळशी ठरवतं, कोणी धांदरट. रोज सकाळी एक गोळी लिहून दिली. आठवड्याभरात नवनाथ बायकोला, यशोधराला म्हणाला, “डोक्यात धा रेडिओ एकदम वाजायचे बघ. आता एकच वाजतोय, आन त्याच्यावर मला पायजे तेच लागतंय.” तेव्हापासून मेन स्विच पाडून फ्यूज स्वतःच्या खिशात टाकल्याशिवाय त्याने कुठल्या पॅनेलला बोट लावलं नव्हतं. वयाच्या पंचेचाळिशीत आपण नीट काम करणारा माणूस आहोत असं त्याला पहिल्यांदा वाटत होतं, आणि ते वाटणं त्याला फार आवडलं होतं.

पण गोळी काही फुकट नांदत नाही. तिच्यापायी भूक मेली, तोंडाला कोरड पडायला लागली आणि दुपारच्या सुमाराला, विहिरीत पाणी नसताना मोटार चालावी तसं काळीज धडधडायला लागलं. भुकेचा बंदोबस्त यशोधराने केला. दिवस उगवताना भाकरी-पिठलं पुढ्यात, आणि ताट रिकामं दिसेपर्यंत गोळी तिच्या मुठीत. कोरडीसाठी पाण्याची बाटली गाडीला कायमची अडकवली. धडधडीपाशी मात्र डॉक्टर थांबले.

“चहा किती होतो दिवसाकाठी?”

“चौदा-पंधरा कप. जास्त न्हाई.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “ही गोळी आणि एवढा चहा एका घरात नांदायचे नाहीत. चहा सोडा. नाडी कशी बघायची ते सिस्टर शिकवतील, रोज बघत जा. पुढच्या खेपेला अशीच पळताना दिसली, तर गोळी बंद करावी लागेल.”

डॉक्टरांना यात अवघड काही दिसलं नाही. त्यांचं चुकलं असं कसं म्हणावं? आमच्याकडे चहा म्हणजे काय, हे औषधशास्त्रात शिकवत नाहीत.

नवनाथचे वडील भागुजी, म्हणजे घरातले आबा, ऐंशीच्या घरातले. छप्पन साली घराने बौद्ध धम्म घेतला तेव्हा ते पोरगे होते. नवनाथ पहिल्यांदा पान्याची पिशवी घेऊन कामाला निघाला, तेव्हा त्यांनी एकच नियम घालून दिला होता. “कुणाच्या बी घरी च्या आला की न्हाई म्हणायचं न्हाई. आपल्याला त्या कपापत्तुर पोचायला लई वरसं लागली.” त्यामुळे नवनाथने कधी नाही म्हटलं नव्हतं. गोड, फुळकवणी, दुधाळ, जळका, येईल तो चहा त्याने ओट्यावर बसून, घरातल्या कपातून, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला होता.

आता नाही म्हणावं तर आबांचा नियम मोडतो. कारण सांगावं तर गावभर होतं, की नवनाथ डोक्याच्या गोळ्या खातो. आणि डोक्याच्या गोळ्या खाणाऱ्याच्या हातात आपला थ्री फेज कोण देईल? म्हणून त्याने मधली वाट काढली. मांजर डोळे मिटून दूध पितं, नवनाथ डोळे मिटून चहा ओतायला लागला. कुठे उसाच्या सरीत, कुठे मोरीत, आणि त्या दिवशी सयाजीतात्यांच्या झेंडूत.

त्यानंतर तात्यांचा फोन आला नाही. मोटार पुन्हा बंद पडली तेव्हा त्यांनी दुसऱ्याच कोणाला तरी बोलावलं. मग डेअरीवर बोलणं निघालं. “नवनाथला आता आपला च्या चालत न्हाई म्हणं. मोठा झाला गडी.” चार दिवसांत आणखी दोन ठिकाणची कामं हातची गेली. आणि बोलणं फिरत फिरत विहाराच्या पायरीवर बसलेल्या भागुजींच्या कानावर गेलं.

ते तसेच घरी आले. काठी भिंतीला टेकवली.

“तू सयाजीच्या घरचा च्या वतला?”

“व्हय, आबा.”

“का?”

नवनाथने सगळं सांगितलं. यशोधरा रोज देते ती गोळी शक्तीची नाही, डोक्याची आहे हेही सांगितलं.

“मंग पिऊ नको,” भागुजी म्हणाले.

“तुमीच म्हणला व्हता ना, न्हाई म्हणायचं न्हाई.”

“म्हणलो व्हतो. पर काळीज फुटंस्तवर पी, असं न्हाई म्हणलो. न्हाई म्हण. तोंडावर म्हण. वतून टाकायचं काम चोराचं.” मग काठी हातात घेत ते म्हणाले, “च्या घ्यायचा हक्क आपण मिळवला, तर न्हाई म्हणायचा बी आपलाच. उद्या मी येतो संगं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बापलेक सयाजीतात्यांच्या दारात उतरले. ऊन नुकतं चढत होतं आणि दूर खोडदच्या दुर्बिणीच्या तबकड्या आभाळाकडे तोंड करून उभ्या होत्या. तात्या ओट्यावर खाटेवर बसले होते.

“जयभीम, सयाजीराव,” भागुजी म्हणाले.

“या,” तात्या म्हणाले. पुढे नाही, मागे नाही.

सून हर्षाली सवयीने तीन कप घेऊन आली. कोणी आलं की चहा टाकायला त्या घरात कोणाला सांगावं लागत नाही.

“वहिनी, मला नको,” नवनाथ म्हणाला. आवाज त्याला वाटला होता त्यापेक्षा सरळ निघाला.

तात्यांनी मान वर केली. “आता वतायची बी तसदी न्हाई व्हय?”

“तात्या, वतला ती माझी चूक. चोरून करायला नको व्हतं. मी एक गोळी घेतो. डोकं एका जागी ऱ्हावं म्हणून. तिच्यावर च्या घेतला की छाती धडधडती. डाक्टरनं बंद केलाय. तुमच्याच घरचा न्हाई, समद्यांच्याच घरचा.”

“डोक्याची गोळी?” हर्षाली दारातच थबकली. “आन नवनाथभाऊ, लाईटीचं काम करता?”

“वहिनी, हात भाजला तवा मी गोळी घेत नव्हतो.” त्याने तळहात पुढे केला. “घ्यायला लागल्यापासून मेन स्विच पाडल्याबिगर मी पॅनेल उघडलेलं न्हाई. कुणालाबी इचारा. गोळीला भ्यायचं असंल तर ती न घेणाऱ्याला भ्या.”

आतून तात्यांची बायको सरूबाई हसत बाहेर आली. “ह्यास्नी तरी कोण सांगणार? साखर बंद हाय, तर आळेफाट्याला जाऊन गुपचूप गोड च्या पितात. वर मला सांगतात, बिनसाखरेचाच व्हता. नवनाथ, तू बरा बाबा, निदान वतून तरी टाकतो.”

तात्यांना हसू आवरेना. मिशीतल्या मिशीत का होईना, हसले. हवा जरा सैल झाली.

“आज घेतली का गोळी?” त्यांनी विचारलं.

“घेतली.”

“मग जा, मोटार बघ. त्या दुसऱ्या गड्यानं पार इस्कोट करून ठिवलाय.” आणि भागुजींकडे वळून, मन मोकळं झाल्यासारखे ते म्हणाले, “मला लई लागलं व्हतं, भागुजीभाऊ. म्हणलं, जुनं काय तरी मनात धरलं पोरानं. पर आमच्या घरात तसलं कधी नव्हतंच.”

भागुजींनी बशी खाली ठेवली.

“व्हतं, सयाजीराव,” ते शांतपणे म्हणाले. “ही हीर खांदली तवा मी हितंच कामाला व्हतो. गोठ्याच्या वळचणीला माझा कप असायचा. कान तुटका. वरनं च्या वतायला तुमीच यायचा, बारकं व्हता तवा. पिऊन झाला की मी धुऊन परत वळचणीला खोचायचो. मी भांडायला आलो न्हाई. पर नव्हतंच, असं म्हणू नका.”

सरूबाईचं हसू थांबलं. तात्या खाटेच्या नवारीकडे पाहत राहिले. त्यांना ते आठवत होतं की आत्ताच आठवलं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना.

“आमचा म्हातारा लई कडक व्हता,” ते अर्धवट बोलले, पण ते बोलणं आपल्यालाच पुरत नाही हे त्यांना जाणवलं.

भागुजींनी आपला चहा संपवला. मग नवनाथचा न प्यायलेला कप उचलला, बशीत ओतला आणि तोही निवांत संपवला. “वाया कशाला घालवायचा,” म्हणाले. मग दोन्ही कप हातात घेऊन ते उठले आणि अंगणातल्या नळाकडे चालू लागले. आपण काय करतोय हे त्यांच्या ध्यानातही आलं नसावं. त्या अंगणात कप हातात आला की पाय तिकडेच जात होते.

तात्या खाटेवरून उठले. गुडघे धरत, पण लगबगीने.

“द्या हिकडं,” ते म्हणाले.

भागुजींनी लगेच सोडले नाहीत. दोघा म्हाताऱ्यांची बोटं त्या कपांवर काही वेळ तशीच राहिली. मग भागुजींनी हात सैल केला.

तात्या नळापाशी वाकले. जन्मात कधी कप विसळला नसावा, निम्मं पाणी पायजम्यावर उडत होतं. हर्षाली पुढे होऊ लागली, तशी सरूबाईने तिचा दंड धरला आणि तिला तिथंच थांबवलं.

नवनाथ पान्याची पिशवी खांद्याला लावून पायरीवर उभा होता. नळापाशी वाकलेल्या तात्यांकडे पाहत, सिस्टरने शिकवलं होतं तशी त्याने मनगटावर दोन बोटं ठेवली. नाडी पळत होती. गोळीच्या धडधडीची दुपार अजून लांब होती, आणि सकाळपासून चहाचा एक घोटही त्याच्या पोटात गेला नव्हता.