बेचाळीस नंबरचे बूट

शिडीला 'शिडी' हे नाव कोणी ठेवलं यावर घरात अजून भांडण होतं. मामा म्हणतो मी ठेवलं, खालच्या मजल्यावरचा केमिस्ट म्हणतो मी. मान घ्यायला दोघेही पुढे, आणि जिला ते नाव चिकटलं तिला विचारायचं मात्र कोणालाच सुचलं नाही. पोर सतरा वर्षांची, आणि उंची अशी की कपाटावरचं सामान स्टूल न घेता काढावं. या उंचीचं घरच्यांनी काय केलं? पंख्यांवरची धूळ पुसून घेतली.

"मी मॉडेल होणार," तिनं एका रविवारी जेवताना सांगून टाकलं.

मामाला असा ठसका लागला की आईला उठून त्याच्या पाठीवर थोपटावं लागलं. "आधी जेवून घे, मग काय व्हायचं ते हो," आई म्हणाली. बाबांनी पेला खाली ठेवला आणि चष्म्यावरून शिडीकडे बघितलं. ही नजर शहरात बऱ्याच जणांना ठाऊक होती.

बाबा वाहन परवान्याच्या कचेरीत परीक्षक होते. शेजारच्या सीटवर बसायचं आणि समोरचा गाडी कशी चालवतो ते गुपचूप बघायचं, हे त्यांचं काम. गयावया, ओळखीपाळखी, वरच्या साहेबाचा फोन, कशालाही त्यांनी कधी भीक घातली नव्हती. मामाला, म्हणजे सख्ख्या मेव्हण्याला, त्यांनी दोनदा नापास केलं होतं. मामा अजून बसनं फिरतो, आणि विषय निघाला की ताटात बघत बसतो.

"मॉडेल म्हणजे काम काय असतं?" बाबांनी विचारलं.

"चांगले कपडे घालून चालायचं."

"ते मीही रोज करतो."

"तुम्हाला बघायला कोणी येत नाही," शिडी म्हणाली.

आईनं हसू लपवायला पाण्याचा जग उचलला आणि स्वयंपाकघरात गेली. बाबांना हसू आलं नाही. त्यांचं म्हणणं साधं होतं: दिसण्यावर पोट भरणाऱ्याला बघणाऱ्याच्या मर्जीवर जगावं लागतं, आणि माझी मुलगी कोणाच्या मर्जीवर जगणार नाही. चुकीचं काहीच नव्हतं त्यात. पण मुलीच्या मर्जीचं काय, हे त्यांनी धरलंच नव्हतं.

शिडी हट्टाला पेटली. मजल्यावरच्या लांब व्हरांड्यात ती रोज संध्याकाळी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायची. शेजारणी दारं किलकिली करून बघायच्या, पोरं मागून नक्कल करत यायची. एकदा तिनं मागे वळून त्या पोरांना सांगितलं, "खांदे सैल सोडा, नाहीतर येऊ नका." दुसऱ्या दिवशी पोरं खांदे सैल सोडून आली. मग ती कामं मागत फिरली. एका ठिकाणी म्हणाले, खांदे पुरुषी आहेत. दुसऱ्या ठिकाणी जबडा नडला. तिसऱ्या ठिकाणचा माणूस तिच्या शेजारी उभा राहिला, वर बघितलं, आणि काही न बोलता खुर्चीवर जाऊन बसला. तिथून घरी आल्यावर शिडी न्हाणीघरात नळ मोठा सोडून रडली. बाहेर आली, तोंड पुसलं आणि व्हरांड्यात चालायला गेली.

शेवटी तिला एक फॅशन डिझायनर मॅडम मिळाल्या. बायकांसाठी त्या पुरुषी घाटाचे कोट-पँट बेतायच्या, आणि त्यांना खांदेच हवे होते. त्यांनी शिडीला गोल फिरवून बघितलं आणि म्हणाल्या, "इतके दिवस कुठं होतीस?" इतक्या दिवसांत हे पहिलंच चांगलं वाक्य होतं. पण मॅडमकडे एक नियम होता. अठरा पूर्ण नसलेल्या मुलीबरोबर आई नाहीतर वडील हवेत, आणि काम संपेपर्यंत त्यांनी तिथंच बसायचं. ते उठून गेले की मुलगीही गेली. आई दवाखान्यात कामाला होती, आणि फॅशन शोच्या दिवशी नेमकी तिची ड्यूटी होती.

"मी येतो," बाबा म्हणाले. सगळे चाट पडले. "पण एकदाच काय ते ठरवून टाकू. त्या दिवशी तू चाललीस, तर अठराची होईपर्यंत म्हणशील तिथं येऊन बसेन आणि ब्रही काढणार नाही. नाही चाललीस, तर विषय बंद. बारावीची परीक्षा झाली की मामाच्या ऑफिसात हिशेबाचं काम शिकायचं."

"खुर्ची रिकामीच आहे माझ्याकडे," मामा खूश होऊन म्हणाला.

"रिकामीच राहणार आहे," शिडी म्हणाली.

आता शिडीनं घातलेला घोळ सांगायला हवा. निवड झाली त्या दिवशी प्रत्येकीकडून मापं लिहून घेतली होती. अशा वेळी सगळ्याच पोरी थोडी चोरी करतात. कोणी कंबर चोरतं, कोणी वजन. शिडीनं पाऊल चोरलं. चपलेच्या दुकानात गेलं की दुकानदार तिच्या पायांकडे बघून हमखास म्हणायचा, "पुरुषांचं पलीकडच्या बाजूला." लहानपणापासून ऐकलेल्या त्या वाक्याला ती पुरती विटली होती. म्हणून बेचाळीसच्या जागी तिनं बिनदिक्कत एकोणचाळीस लिहिलं. उंचीचा तिला अभिमान होता, खांद्यांसाठी ती जगाशी भांडली होती, आणि लाज वाटली ती पावलांची. माणसाची मान ताठ असली तरी कुठंतरी एक जागा वाकलेली राहतेच. कपड्यांच्या मापाला ती चार वेळा गेली, पण स्वतःच्या जुन्या बुटांवर. कार्यक्रमाचे बूट ऐन दिवशी येतात, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

तो दिवस उजाडला. नाट्यगृहाच्या मागच्या बाजूला एक लांबट खोली, भिंतीभर आरसे, मधे चाकांच्या स्टँडवर टांगलेल्या कपड्यांच्या रांगा, आणि केसांच्या फवाऱ्यानं सगळ्यांचे घसे खवखवत होते. बाबा कचेरीतून तसेच आले होते. घडीची खुर्ची उघडून ते नेमके वाटेत बसले. कानाला हेडफोन लावलेला व्यवस्थापक धावत आला. "काका, इथं नाही बसायचं."

"मुलगी दिसेल अशा जागी बसायचं, असा तुमचाच नियम आहे," बाबा म्हणाले. "मला ती इथून दिसते."

व्यवस्थापकानं हात टेकले आणि कपड्यांच्या रांगा सरकवून घेतल्या.

शिडीला करड्या रंगाचा लांब कोट चढवला होता. खांद्यावर तो असा बसला की पोरींना कपडे चढवणारी ताई दोन पावलं मागे जाऊन बघतच राहिली. शिडीनं आरशात बघितलं आणि तिला स्वतःचा हेवा वाटला. हो, हेवाच, लपवायचं कशाला? तेवढ्यात ताईनं खोका उघडला आणि बूट पुढे केले. निमुळते, टोकदार, एकोणचाळीस नंबरचे.

बोटं आत गेली. टाच बाहेरच राहिली. शिडीनं ओठ चावून रेटा दिला, ताईनं टाचेमागे बूट चढवायची पट्टी घातली, पावडर टाकली, पुन्हा रेटा. बुटाची शिवण कुरकुरली. "अगं, फाटतील!" ताई ओरडली. "परत द्यायचेत ते!"

मॅडम आल्या. त्यांनी आधी बूट बघितले, मग पाऊल, मग शिडीचं तोंड. "एकोणचाळीस लिहिलंस ना?"

अख्खी खोली ऐकत होती. खोटं बोलायला अजून वाव होता. पाय सुजलेत म्हणता आलं असतं, बूट चुकीचे आलेत म्हणता आलं असतं. शिडीला त्या क्षणी दुकानदार आठवला आणि डोकं तडकलं. कोण कुठला तो, आणि त्याच्या भीतीनं आपण मिळालेलं काम घालवायला निघालो!

"खोटं लिहिलं," ती मोठ्यानं म्हणाली. "बेचाळीस आहे. माझी चूक. पण मी चालणार आहे."

"कशात? अनवाणी? या कोटाखाली अनवाणी पाय म्हणजे बाई झोपेतून उठून पळत सुटल्यासारखी दिसेल." मॅडमनी घड्याळ बघितलं आणि व्यवस्थापकाला म्हणाल्या, "कोट उतरवा. त्या लाल पट्टा बांधलेल्या मुलीला घाला. बाह्या दुमडा."

शिडीनं कोटाची बटणं मुठीत धरली. खोलीत नजर फिरवली. पोरींच्या पायांत सगळीकडे तसलेच निमुळते बूट. व्यवस्थापकाच्या पायांत कॅनव्हासचे पांढरे. आणि वाटेत बसलेल्या माणसाच्या पायांत काळे, नाडीचे, जाड तळाचे, बेचाळीस नंबरचे, रोज सकाळी स्वतः घासून चकाकवलेले. ती तडक तिकडे गेली.

"बाबा, बूट काढा."

बाबांनी चष्म्यावरून बघितलं. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. आपण जिंकलोय हेही कळलं होतं, आणि जिंकल्याचा आनंद चेहऱ्यावर दिसू नये म्हणून ते ओठ दाबून बसले होते.

"काय ठरलं होतं आपलं?"

"चालले तर तुम्ही येऊन बसायचं. नाही चालले तर विषय बंद."

"मग मी बूट दिले तर माझीच परवानगी दिल्यासारखं होईल."

"परवानगी नका देऊ," शिडी म्हणाली. "बूट द्या."

"खोटं तू लिहिलंस. त्याचं फळ तुलाच भोगायला हवं. परीक्षेत बाहेरून मदत चालत नाही."

शिडी रडेल असं ताईला वाटलं. शिडी रडणार नव्हती. न्हाणीघराबाहेर ती कधीच रडत नसे. ती बाबांसमोर गुडघ्यावर बसली, म्हणजे आता तिचा चेहरा त्यांच्या चेहऱ्यासमोर आला.

"तुमच्याकडे परीक्षेला लोक शेजाऱ्याची गाडी मागून आणतात. खरं की नाही?"

"आणतात."

"नापास करता त्यांना?"

"गाडी कोणाची याच्याशी मला काय करायचंय? चालवता येते का, तेवढंच मी..." बाबा थांबले.

आयुष्यभर दुसऱ्यांना प्रश्न घातलेल्या माणसाला स्वतःच्या तोंडून उत्तर निघून गेल्याचं कळलं. लाल पट्ट्याच्या मुलीला पलीकडे तयार करत होते आणि ताई कोटासाठी हात पुढे करून उभी होती. शिडीनं ना हात जोडले ना डोळे खाली केले. ती नुसती बघत राहिली, आणि बाबांना ती नजर ओळखीची वाटली. रोज दाढी करताना आरशात दिसायची ती.

ते खाली वाकले आणि नाडी सोडायला लागले. एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. पोरींच्या घोळक्यात कोणीतरी फिसकन हसलं. बाबांनी तिकडे ढुंकूनही बघितलं नाही.

"नाडी घट्ट बांध," ते म्हणाले.

बूट असे बसले की शिडीला पहिल्यांदा आपले पाय कुठं आहेत ते कळलं. बोटं मोकळी, टाच पक्की. ती मॅडमसमोर जाऊन उभी राहिली. मॅडमचं तोंड आधी वाकडं झालं. त्या कोटाभोवती एक फेरी फिरल्या. "चकाकतायत कसले," पुटपुटल्या. मग ताईवर खेकसल्या, "बघत काय बसलीस? पँट दोन बोटं वर घे. बूट दिसायला हवेत."

शिडीनं पडदा सारला आणि बाहेर पाऊल टाकलं. जाड तळ लाकडी फळ्यांवर खणखणीत वाजायला लागले. आधीच्या पोरी मांजरीसारख्या बिनआवाज येऊन गेल्या होत्या. ही आली ती सगळ्यांना ऐकवत आली. दुकानदारानं ऐकावं, मामानं ऐकावं, खुर्चीवर जाऊन बसलेल्या त्या माणसानं उठून ऐकावं, असं तिला वाटत होतं. पहिल्या रांगेतल्या एका बाईनं फोन खाली ठेवला. शिडीनं टोकाशी जाऊन खांदे सैल सोडले, समोर बघितलं, वळली आणि तशीच वाजत परत आली. मान कुठंही वाकली नाही.

आत आल्यावर मॅडमनी तिचा दंड दाबला आणि पुढच्या पोरीकडे धावल्या. तेवढी शाबासकी पुष्कळ होती. बाबा खुर्ची सोडून पडद्याच्या फटीशी उभे होते, पायांत नुसते मोजे. लोकांच्या धावपळीत कोणी पायावर पाय देऊ नये म्हणून ते भिंतीला चिकटले होते. त्यांनी घसा साफ केला.

"वळताना घाई केलीस."

दुसऱ्या कोणत्याही दिवशी शिडी भडकली असती. आज तिनं विचार केला. खरंच केली होती घाई.

"दुसऱ्या फेरीत नाही करणार."

"अजून फेरी आहे?" बाबांनी पायांकडे बघितलं. "मला वाटलं झालं. फरशी गार आहे."

"शेवटी सगळ्या एकत्र जातात. मग पुढच्या महिन्यात दुसऱ्या शहरात. मग त्याच्या पुढच्या महिन्यात."

बाबांनी तोंड उघडलं. काहीतरी होतं त्यांच्या मनात. बारावीच्या पेपराबद्दल असावं, किंवा मामाच्या खुर्चीबद्दल. पण ब्र काढणार नाही म्हणाले होते, आणि शब्द म्हणजे शब्द. त्यांनी तोंड मिटलं.

व्यवस्थापक ओरडला, पोरी रांगेत उभ्या राहायला लागल्या. शिडीनं कोट सारखा केला आणि वाटेतल्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

"बसा," ती म्हणाली.

बाबा जाऊन बसले.