असल कुणाच्या वाट्याला?

माझ्या दोघा भावांनी वेगळं व्हायचं ठरवलं तेव्हा जमीन वाटून झाली, भांडी वाटून झाली, अडलं ते एका कॉम्प्युटरपाशी. कमलेश आणि साईनाथ दहिवलीत फार्महाऊसची बुकिंगं घेतात. गिऱ्हाइकं, तारखा, फोटो, सगळं त्या एका कॉम्प्युटरात, आणि तो शेवटचे आचके देत होता. मी एका कंपनीसाठी घरून जुन्या कॉम्प्युटरांतलं सगळं क्लाउडवर हलवायचं काम करते, म्हणून दोघं तो उचलून शेलूला माझ्याकडे आले. आई-बाबा गेल्यावर माझं माहेर म्हणजे हे दोघंच. वेगळे झाले तरी भाऊबीजेला माझ्या दारात एकत्र यावेत, एवढंच मला हवं होतं.

मी तो अख्खा कॉम्प्युटर माझ्या लॅपटॉपवर एका फाइलीत उतरवून घेतला आणि तो कायमचाच बंद पडला. आता ही फाइल ब्राउझरमधून दोघांच्या क्लाउडवरच्या खात्यांत चढवायची, की प्रत्येकाला तिथे तोच कॉम्प्युटर पुन्हा सुरू करता येतो. जमिनीसारखे तुकडे नाहीत, दोघांनाही पूर्ण. मला वाटलं, एवढी सोपी वाटणी आमच्या खानदानात आजवर झाली नसेल. खुळीच मी.

"आधी कुनाच्या खात्यात?" कमलेशनं लगेच विचारलं.

"आपल्यात वाटे थोरला पाडतो आणि आधी उचलतो धाकटा. म्हणून साईनाथच्या."

पडद्यावरची पट्टी टक्क्याटक्क्यानं सरकायला लागली. दोघं माझ्या दोन बाजूंना खुर्च्या टाकून बसले. एक पाणी प्यायला उठला की दुसरा माझ्या हातांवर नजर ठेवायचा. मी जेवायला वाढलं तर ताटं मांडीवर घेऊन स्क्रीनकडे बघत जेवले. सख्ख्या बहिणीच्या घरात ही तऱ्हा! संध्याकाळी एकदाची कमलेशच्या खात्यातही फाइल पोचली. मी दोन्हींचा पडताळ्याचा आकडा काढून दाखवला.

"हा फाइलीच्या अंगठ्याचा ठसा समजा. आत एक अक्षर जरी बदललं तरी हा बदलतो. बघा, दोन्ही सारखे."

कमलेशनं डोळे बारीक केले. "दोन अंगठे सारखे कसे येतील गं ताई? खरेदीखतावर असं आलं तर एक बनावटच असतोय."

"पयली चढवली ती असल," साईनाथ खूश झाला. "तुज्याकडं नक्कल."

"गप रं. ती पन नक्कलच. असल ताईच्या लॅपटॉपात हाय."

आता दोघंही माझ्याकडे बघायला लागले. माझं डोकंच फिरलं. यात असल-नक्कल काही नसतं, दोन्ही एकच, हे मी घसा फोडून सांगितलं. पण जमिनीच्या कागदांवरून भांडणाऱ्या घरात वाढलेली ही माणसं. शेवटी दोघांच्या डोळ्यांदेखत माझ्याकडची फाइल पुसली, लॅपटॉपातली कचऱ्याची पेटीही रिकामी केली. "झालं समाधान?" म्हटलं. साईनाथनं ती रिकामी पेटी पुन्हा उघडून बघितली.

पुढे दोघांचेही फोन आले, एकमेकांना चोरून. "ताई, खरं सांग, असल मलाच दिलीस ना?" वाद नको म्हणून मी कमलेशला हो म्हटलं. साईनाथलाही हो म्हटलं.

भाऊबीजेला दोघं एकाच बाइकवरून आले. गॅलरीतून पाहिलं आणि मला भरूनच आलं. वर्षभर एकमेकांशी धड न बोलणारे हे दोघं पाटांवर शेजारी शेजारी बसले. मी ओवाळलं. कमलेशनं खिशातून काढून ताटात ओवाळणी ठेवली. नवी कोरी हार्डडिस्क.

"दोघांनी मिळून घेतली," साईनाथ म्हणाला.

"तू मला हो म्हनालीस, ह्याला बी हो म्हनालीस," कमलेश म्हणाला. आवाज चढला नव्हता, तेच मला जास्त लागलं. "म्हंजे असल तुज्याकडंच हाय. यात भरून दे. आमी दोघांत एकच ठेवू. भांडन मिटलं आमचं."

"अरे, पुसली मी. तुमच्यासमोर."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. लहानपणी मी खाऊ लपवला की असेच बघायचे. किती वर्षांनी त्यांचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं, आणि ती गोष्ट मी होते.

निरांजन ताटात जळत होतं. मी डिस्कवरच्या अक्षता झटकल्या. "उठा," म्हटलं, "जेवून घ्या आधी."

"आधी भरून दे," दोघं एकदमच म्हणाले.