सोनियाचं डिजिटल

खुलताबादच्या वाटेवर विद्यापीठाचं ‘डिजिटल माध्यम उपकेंद्र’ सुरू झालं आणि प्रमुख म्हणून आलेल्या सईचं डोकं पहिल्याच आठवड्यात फिरलं. प्रवेशासाठी कुणी फिरकेना. जो तो येऊन विचारी, “वाढदिवसाचं डिजिटल केवढ्याला?” चौकातल्या फ्लेक्सला इथं डिजिटल म्हणतात, हे पाटी रंगवताना कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

त्यात सारजाबाई नातीला, सोनियाला, घेऊन हजर. “पोरगी बारावी पास झाली. चौकात समदी पोरांचीच डिजिटलं लागत्यात. हिचं लई मोठं करा.”

“आजी, हे कॉलेज आहे, छापखाना नाही!” सई कडाडली. पण सोनियाचा चेहरा पडलेला बघून तिनं निमूट कॅमेरा उचलला.

फोटो संगणकावर चढला. “माझं नाव अजून मोठं पाहिजे,” म्हणत सोनियानं माऊस जो हातात घेतला, तो सोडेचना. रंग तिनंच बदलले, अक्षरं तिनंच सजवली. सई बघतच राहिली.

“आजी, खाली शुभेच्छुक म्हणून कुणाचं नाव टाकू?” सईनं विचारलं.

“तुमचंच टाका की, मॅडम,” सारजाबाई म्हणाल्या. “आता हिला तुमीच शिकवनार नव्हं?”