मी कडीचा डबा, आणि ती हलकी पाकिटं

हो, मीच बोलतोय. इकडे, सगळ्यात वरच्या फळीवर, इडलीपात्राच्या मागे. कडीचा स्टीलचा डबा. मान वर केल्याशिवाय मी दिसणार नाही. पूर्वी असं नव्हतं. पूर्वी मी ओट्यावर असायचो, हाताशी. मी इथे वर कसा आलो ते सांगतो. पण आधीच सांगून ठेवतो, मी मोठ्या मनाचा वगैरे मुळीच नाही. माझ्या पोटात दुखतं, आणि मी ते लपवत नाही.

कुठल्या कारखान्यात घडलो ते आठवत नाही. मला कळायला लागलं ते नाशिकच्या भांडी बाजारात. नयनामावशी दुकानात आल्या. त्यांनी मला टिचकी मारली, कडी पुन्हा पुन्हा उघडून लावून पाहिली आणि दुकानदाराला दटावून विचारलं, "जाड आहे ना? भाचीचं लग्न आहे, पोचट नको." मग पायरीवर बसलेल्या नाव घालणाऱ्यानं माझ्या पोटावर मशीनची सुई टेकवली. टर्रर्र! दुखलं, आणि गुदगुल्याही झाल्या. 'चि. सौ. कां. शशिकला हिस नयनामावशीकडून सप्रेम', आणि खाली लग्नाची तारीख. मी कुणाचा, हा प्रश्न तिथेच मिटला.

अठ्ठ्याण्णव साली आम्ही कतारला आलो. शशिकलेचे यजमान श्यामराव इथे गॅसच्या कंपनीत इंजिनियर. मुंबईच्या विमानतळावर सामानाचं वजन जास्त भरलं, तेव्हा त्यांचा हात आधी माझ्याकडेच आला. "हा डबा काढ गं, तिकडे काय डबे मिळत नाहीत?" शशिकलेनं दोन साड्या काढून भावाच्या हातात दिल्या आणि मला परत बॅगेत बसवलं. हे मी कधी विसरलो नाही.

दोहाच्या मदिनत खलीफा वस्तीतलं घर प्रशस्त होतं, पण शशिकलेला गाडी चालवता येत नव्हती, आणि इथे गाडीशिवाय कोपऱ्यावरून कोथिंबीरही आणता येत नाही. आठवडाभर ती घरातच. शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, मात्र बाईचा नूर निराळा असायचा. थंडीच्या दिवसांत श्यामराव आणि त्यांच्या ऑफिसातले रमीज दुखानच्या बाजूला वाळवंटात चालायला जायचे. रमीज रत्नागिरीचे, जिभेचे गोड आणि पोटाचे हळवे. शशिकला पहाटे उठून धपाटे आणि दशम्या करायची, शेंगदाण्याची चटणी वाटायची, मला भरायची आणि कॅनव्हासचे बूट घालून, छोट्या लेकीला, आसावरीला घेऊन निघायची. जेवण तिच्याकडे, म्हणून तीही सोबत, असा तो शिरस्ता होता. आणि एकदा वाळूवर पाय पडला की ती दोन्ही पुरुषांच्या पुढे असायची.

दुपारी एखाद्या दगडाच्या सावलीत माझी कडी उघडायची. रमीज आधी नाक आत घालायचे. "वहिनी, तुमच्या ह्या डब्याक माझो सलाम!" मी चारचौघांत असा मिरवायचो की विचारू नका.

मग दोन हजार पाच साल उजाडलं, आणि माझे ग्रह फिरले.

श्यामरावांच्या मनात आलं की ओमानच्या डोंगरांत चार दिवस पाठीवर घर घेऊन चालायचं. ठीक आहे. पण हे इंजिनियर. ते इंटरनेटवर बसले आणि अमेरिकेतल्या शिकाऱ्यांचं काहीतरी वाचू लागले. ती माणसं म्हणे आठवडा आठवडा रानात हरणांच्या मागे हिंडतात आणि पाठीवर मुठीएवढं जेवण नेतात. झालं! घरात वजनकाटा आला. मोजे काट्यावर, टॉर्च काट्यावर. एक दिवस त्यांनी चक्क दात घासायच्या ब्रशाची दांडी कापली.

"अहो, दात तेवढे राहू द्या," शशिकला म्हणाली.

त्यानंतर त्यांनी मला काट्यावर ठेवलं. रिकाम्याला! काटा पाहून ते हसले. "बघ, नुसता डबाच एवढा. यात जेवण घातलं तर डोंगर चढणार कोण?" आजवर माझ्या जाडपणाचं कौतुक व्हायचं. त्या दिवशी प्रथमच मला माझ्या अंगाची लाज वाटली.

थोड्याच दिवसांत ऑफिसातला एक अमेरिकन सुट्टीवरून आला आणि त्यानं खोकंभर पाकिटं आणून दिली. चंदेरी, गुबगुबीत, नव्या नवरीसारखी चमकणारी. आत नुसता भुगा. मी ओट्यावरून बघत होतो. श्यामराव एकेक पाकीट तळहातावर तोलत होते, जसं काही तान्हं बाळच. आसावरी म्हणाली, "बाबा, इट्स लाइक अ‍ॅस्ट्रोनॉट फूड!" माझ्याबद्दल हिनं आजवर कधी एक शब्द काढला होता का?

"शिजवलेलं जेवण गोठवतात, आणि मग त्यातलं सगळं पाणी काढून घेतात," श्यामराव समजावून सांगत होते. "उकळतं पाणी ओतलं की दहा मिनिटांत जेवण तयार."

"म्हणजे वाळवणच की."

"वाळवण नव्हे गं! हे पंचवीस वर्षं टिकतं. बघ, तारीख छापलीय."

तारीख माझ्याही पोटावर आहे म्हटलं, लग्नाची. पण माझं ऐकतो कोण?

शुक्रवारी संध्याकाळी रमीज आले आणि निवडानिवड सुरू झाली. बीफची पाकिटं श्यामरावांनी बाजूला सारली. कोंबडीची रमीजनी. "हलाल आसा की नाय, लिवलेला नाय. आपल्याक नको." राहिली भाज्यांची. भात आणि राजमा, चीज घातलेली मॅकरोनी, बटाट्याचा कसलासा रस्सा. शशिकला पाणी उकळून आणत होती, वाट्या मांडत होती, चमचे पुरवत होती. हे खारट, ते पिठूळ, त्याचं वजन कमी पण पोट भरत नाही, याचं पोट भरतं पण चघळावं लागतं, असा ऊहापोह चालला होता. माझ्या धपाट्यांवर कुणी कधी इतकं बोललं नव्हतं. धपाटे नुसते संपायचे. शेवटी राजमा-भात पहिला आला आणि मॅकरोनी दुसरी. शशिकला टेबलाशी येऊन बसली तोवर सगळ्या वाट्या रिकाम्या झाल्या होत्या. तिनं राजम्याचं पाकीट उचललं आणि आतला कोपरा चमच्यानं खरवडला. मला वाटलं, धुऊन ठेवतेय.

रमीज गेल्यावर श्यामराव खुशीत म्हणाले, "शशी, तुझी सुटका झाली बघ. आता पहाटे उठून लाटत बसायला नको. आम्ही दोघं जातो, तू मस्त आराम कर."

"म्हणजे मी यायचं नाही?"

"यायचं नाही असं कुठे म्हणतोय? पण आता कशाला उगाच दगदग?"

तिनं मला पुसलं, स्टुलावर चढली आणि इथे, या फळीवर ठेवून दिलं. कॅनव्हासचे बूटही खोक्यात गेले. शुक्रवारी आता दोघं पुरुष जायचे, चंदेरी पाकिटं घेऊन, आणि ही घरात. माझा नुसता जळफळाट व्हायचा. पण एक समाधान होतं: शशिकलेचाही होत असणार. एकाच सवतीनं आम्हां दोघांना घराबाहेर, नव्हे, घराआत काढलं होतं. मी वरून तिच्याकडे बघायचो आणि मनात म्हणायचो, बाई गं, तू आणि मी एका बाजूचे.

तिनं मात्र रडत बसण्याऐवजी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. दोनदा नापास झाली, तिसऱ्यांदा पास.

ओमानला जायच्या महिनाभर आधी श्यामराव आणि रमीज रंगीत तालमीला निघाले. पाठीवर सगळं सामान, एक मुक्काम वाळवंटात, दुसऱ्या दिवशी दुपारी परत. यादी त्या अमेरिकन शिकाऱ्यांचीच होती, मापून तोलून. इतकं हलकं सामान पाहून श्यामराव घरातच दोन उड्या मारून आले.

शनिवारी सकाळी शशिकला आसावरीसाठी धपाटे लावत होती. फोन वाजला. श्यामरावांचा आवाज इतका बारीक होता की तिनं गॅस बंद केला.

"अगं, पाणी संपलं."

"संपलं कसं? भरपूर नेलं होतंत ना?"

"प्यायचं नेलं होतं. पाकिटांत ओतायचं धरलंच नाही. त्या यादीत लिहिलं होतं, वाटेतल्या ओढ्यातून भरून घ्यावं."

शशिकलेनं डोळे मिटले. "अहो, कतारमध्ये ओढा कुठला?"

"तेच ना. रमीजच्या पायात गोळे आलेत, त्याला उभं राहवत नाहीये. आणि त्याची गाडी अजून खूप लांब आहे."

"डांबरी रस्ता दिसतोय का तिथून?"

"दिसतोय."

"मग त्यांना धरून रस्त्याच्या कडेला येऊन बसा. मी निघाले."

खरं सांगतो, मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. पाणी काढून टाकलं म्हणून ज्या सवतीचं कोडकौतुक झालं, तिनंच यांचं पाणी पिऊन टाकलं होतं! माझ्या पोटातलं वजन म्हणजे काय दगड होते का? ओलावाच होता तो. या मुलखात तोच मी पोटातून नेत होतो. तेवढ्यात स्टूल सरकलं आणि शशिकलेचा हात माझ्या कडीला लागला. किती महिन्यांनी! गरम धपाटे, चटणी, एक लिंबू, मिठाची पुडी. पाण्याचे कॅन डिकीत गेले आणि मी पुढच्या सीटवर.

ती दोहाच्या बाहेर गाडी घेऊन कधीच गेली नव्हती. मागून ट्रक हॉर्न देत अंगावर येत होते. तिच्या तळहातांना घाम फुटला होता, ती एकेक करून तो ओढणीला पुसत होती.

"आई, आर यू शुअर यू नो द वे?" आसावरीनं मागून विचारलं.

"नाही. पण रस्ता एकच आहे."

दोघं रस्त्याकडेला बसले होते. रमीजचा चेहरा पांढराफटक, श्यामराव त्यांची पोटरी दाबत होते. शशिकलेनं आधी दोघांना घोट घोट पाणी पाजलं, मग मीठ-लिंबाचं. हळूहळू रमीजच्या तोंडावर रंग आला. "वहिनी, शुक्रन. नायतर आज आमचा खलास होता."

मग माझी कडी उघडली. काय सांगू त्या क्षणाचं! दोघं माझ्यावर तुटून पडले. श्यामराव भरल्या तोंडानं म्हणाले, "शशी, चुकलंच माझं. याची सर कशालाच नाही." मी फुगून कुप्पा झालो. आता ती पाकिटं जाणार कचऱ्यात, आणि शशिकला ती स्वतःच्या हातानं टाकणार, अशी माझी खात्री होती.

शशिकलेनं विचारलं, "त्यातलं एखादं पाकीट उरलंय का?"

"एक आहे, राजम्याचं. का गं?"

तिनं त्यांच्या सामानातली छोटी शेगडी पेटवली, पाणी उकळलं, पाकिटात ओतलं आणि तोंड दुमडून ते मांडीवर धरून बसली. वेळ झाल्यावर दगडाला टेकली, पाय लांब पसरले आणि लांब दांडीच्या चमच्यानं सावकाश खायला लागली. डोळे दूर वाळूकडे.

श्यामराव बावचळले. "अगं, धपाटं घे ना. गार होईल."

"ते मी केलंय," ती म्हणाली. "त्याची चव मला ठाऊक आहे. हे दुसऱ्या कुणीतरी केलंय."

मी उघडा पडलो होतो, कडी लोंबत होती. माझ्याकडे तिचं लक्षही नव्हतं. त्या दिवशी ती पाकिटाचा कोपरा का खरवडत होती, ते मला आता कळलं. ती माझ्या बाजूची नव्हतीच कधी. तिला जायचं होतं फक्त. आणि मला भरता भरता ती किती दमत होती, हे मी कधी विचारलं होतं?

पाकीट रिकामं करून तिनं चमचा पुसला. "ओमानला मी येणार आहे. माझी पाकिटं जास्तीची मागवा. आणि पाणी मी मोजणार."

श्यामरावांनी मान डोलावली. रमीज पुटपुटले, "इन्शाल्ला, वहिनी. तुमी पुढं चाला."

काल पहाटे ते ओमानला गेले. आसावरी रमीजच्या घरी, त्यांच्या बेगम हजराभाभींकडे आहे. घर शांत आहे. शशिकलेच्या पाठीवर पाकिटं गेली, चंदेरी, गुबगुबीत, आणि मी इथेच. अजूनही जळतो मी. खोटं कशाला बोलू?

पण निघण्याआधी तिनं मला खाली काढलं होतं. धुतलं, कोरडं पुसलं आणि एक राजम्याचं पाकीट माझ्या पोटात ठेवलं. श्यामराव म्हणाले, "हे का मागे?"

"परत येईन त्या दिवशी मी ओट्याशी उभी राहणार नाही. हे खाईन आणि झोपेन."

आणि तिनं स्वतःच्या हातानं माझी कडी लावली, मला परत फळीवर ठेवलं.

ते पाकीट इतकं हलकं आहे की पोटात काही आहे असं वाटतसुद्धा नाही. याचाही राग येतो मला. वरून त्याची तारीख अजून पंचवीस वर्षं पुढची! पण कडी मी घट्ट धरून बसलोय. इथली हवा दमट. ओलाव्याचा कणही आत जाऊ देणार नाही. त्या सटवीसाठी नव्हे. शशिकला दमून येईल, पायांना फोड आलेले असतील, तेव्हा तिचं जेवण चांगलं राहिलेलं असावं म्हणून.

तुमची तिची ओळख असेल तर माझा एवढा निरोप द्या. म्हणावं, सावकाश खा, माझ्याकडे बघायचीही गरज नाही. फक्त खाऊन झाल्यावर मला परत वर नको ठेवूस. ओट्यावर राहू दे, तुझ्या बुटांच्या नाडीवरची ओमानची माती दिसेल इतक्या जवळ.