चाळीस तांब्यांचं बेट

माझ्या सासूबाईंना, म्हणजे सिद्धम्माअव्वांना, मराठी येतं, कन्नड येतं, उदगीरच्या बाजारात घासाघीस करण्यापुरतं उर्दूही येतं. फक्त "बास" हा एक शब्द त्यांना यातल्या कुठल्याच भाषेत येत नाही. त्या एका शब्दापायी आमचं बेट पाहुण्यांत बुडायची वेळ आली होती.

बेट म्हणजे तरी काय, आमचीच चार एकरांची टेकडी. धरण झालं, भोवती पाणी चढलं आणि टेकडी मधोमध उरली. वर आंब्याची सात झाडं, एक आड, एक खोपी. घर अलीकडच्या काठावर, अगदी अंगणाला पाणी लागलेलं. माझ्या पुतणीनं, सृष्टीनं, तिथं एक रील काढलं आणि खाली लिहिलं, "मराठवाड्याचं मॉरिशस". झालं! ज्या लातूरला एकदा रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथली माणसं चहूबाजूंनी पाणी बघायला येणार नाहीत तर काय करतील? मुखेडहून टेम्पो, निलंग्याहून जीप, किल्लारीहून अख्खी लग्नाची वऱ्हाडं.

माझ्या लग्नाला सात वर्षं झाली. त्यातली सहा मी नवऱ्याशी फोनवर नांदले. श्रीशैल चाकणच्या कंपनीत, मी इथं. दिवाळीला चार दिवस यायचा आणि निळी पिशवी खांद्याला लावून परत जायचा. बेटावर माणसं येऊ लागली तसा तो नोकरी सोडून आला, जुनी नाव घेतली, मी भाकरी-आमटीचं जेवण सुरू केलं. निळी पिशवी मात्र खुंटीवर तशीच भरलेली. कारण सरकारी परवानगी वर्षभराची, तीही तात्पुरती. अट एकच: बेटावर एका वेळी चाळीस पाहुणे. नाव एक, संडास एक, आड एक, त्यामुळे अट रास्तच होती. वर्षाच्या शेवटी तपासणी. एकेचाळिसावा माणूस सापडला की परवानगी रद्द आणि श्रीशैल चाकणला. लोकांना परवानगी म्हणजे कागद असतो, मला तो नवरा होता.

आणि अव्वा अंगणात उभ्या राहून काय करायच्या? "शरणू शरणार्थी! या या, बर्री बर्री!" शरणू शरणार्थी हा आमच्याकडचा नमस्कार, आणि बर्री म्हणजे कन्नडात या. एका रविवारी त्यांनी असे एकशे बारा जण पलीकडे धाडले. संडासाची रांग तिसऱ्या आंब्यापर्यंत गेली. आडाचा तळ दिसला, पोहऱ्यातून गाळ आणि एक बेडूक वर आला. किल्लारीच्या मुलांनी त्या बेडकाबरोबर सेल्फी काढले. मी हसू की रडू, मला कळेना.

मी उपाय केले नाहीत असं नाही. चिठ्ठ्या वाटल्या, तर चिठ्ठी नसलेल्यांना अव्वा मागच्या बाजूनं नावेत बसवायच्या. "आज बेट भरले आहे" अशी पाटी लावली, तर तिच्यावर लुगडं वाळत घातलं. मी चिडले.

"अव्वा, चाळीस म्हणजे चाळीस!"

"अगं, दारात आलेल्याला न्हाई कसं म्हनू? ती बाई म्हातारी, लई लांबून आलीय. जीभ झडंल माझी."

"आणि श्रीशैल गेला म्हणजे?"

अव्वा वळल्या. तांब्या भरून पुढच्या पाहुण्याला पाय धुवायला पाणी द्यायला गेल्या.

पाठमोऱ्या अव्वांच्या तांब्याकडे बघताना माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कुणीही येवो, कलेक्टर येवो की शेळ्या राखणारा, अव्वांच्या अंगणात पहिलं काय तर भरलेला तांब्या. पाय धुतल्याशिवाय पाहुणा पुढं सरकायचा नाही. घरात तांबे होते बरोबर साठ. तीन पिढ्यांच्या लग्नांतले, पितळेचे आणि स्टीलचे, प्रत्येकावर कुणाकडून कुणाला ते कोरलेलं. मी वीस तांबे पोत्यात भरले आणि उदगीरला नणंदेकडे, सुकन्याताईंकडे, पोहोचते केले. "बोलू नका हं अव्वांना," म्हणून शपथही घातली. त्यातला माझ्या लग्नातला एक तेवढा मी अडीनडीला माझ्या पिशवीत ठेवून घेतला.

मग साळसूद चेहरा करून अव्वांना म्हटलं, "बेटावर प्लास्टिकच्या बाटल्यांचा कचरा होतोय. पाहुण्याला तांब्या हातातच देऊ या का? पाय धुवायचे, तोच घेऊन नावेत बसायचं, तिकडं त्यानंच प्यायचं. येताना परत."

"त्योच पितळंचा तांब्या घिऊन कुनी संडासात गेलं म्हंजे?"

"तिथं डबा आहे, अव्वा."

"मंग चालंल."

चालेल काय, धावलं! चाळीस तांबे गेले की अंगणातली तांब्यांची फळी रिकामी. आणि रिकाम्या फळीपुढं अव्वांचा चेहरा असा व्हायचा की पाहुणेच ओशाळायचे. "तांब्या न्हाई, माय. बिनपान्याचा पाव्हना कसा सोडू? घराचं नाक जाईल. बसा लिंबाखाली, कुनी परत आलं की देते." जागा नाही म्हणणं म्हणजे पाहुण्याचा अपमान. तांब्या नाही म्हणणं म्हणजे आपल्याच घराची लाज. ती त्यांना कबूल करता येत होती. लोक अंगणातल्या कडुलिंबाखाली बसत, शेंगा खात, गाणी म्हणत. आडाला पाणी टिकलं, बेडूक घरी गेला, आणि मी स्वतःच्या हुशारीवर अशी खूश होते की आमटीत दोनदा मीठ घातलं.

तपासणीचा रविवार उजाडला. अकरा वाजता फळी रिकामी, बेटावर चाळीस. सगळं जिथल्या तिथं. तेवढ्यात मुखेडचा टेम्पो आला आणि त्यातून वीस-बावीस माणसं उतरली, प्रत्येकाच्या हातात चकचकीत तांब्या.

"अव्वा, मागल्या टायमाला तांब्यापायी परत गेलो," पुढचे दाढीवाले वैजनाथ म्हणाले. "आता आमचा आमी आनला. बसवा नावेत!"

 पण अव्वा कमरेवर हात ठेवून ताठ उभ्या राहिल्या.

"पाव्हन्यानं आपला तांब्या आनायचा? मंग मी काय मेले का? ठिवा त्ये टेम्पोत!"

बावीस तांबे मुकाट टेम्पोत गेले आणि बावीस माणसं लिंबाखाली. मला हसू आवरेना. मी तोंडात पदर कोंबला. नेमके त्याच वेळी मोटरसायकलवरून तपासणी अधिकारी किशनराव उतरले. बगलेत फाइल, डोक्यावर टोपी, चेहरा उन्हानं लाल.

"नाव आणा. बेटावर मोजणी करायची आहे."

श्रीशैल नाव घेऊन धक्क्याला आलाच होता. त्यानं हात पुढं केला. तेवढ्यात मधे अव्वा.

"शरणार्थी, सायब. बसा लिंबाखाली. तांब्या न्हाई."

"मी पाहुणा नाही हो आजी. मी तपासणीला आलोय."

"दारात आलेला पाव्हनाच असतोय. आन् तांब्या न्हाई."

श्रीशैलचा हात तसाच हवेत राहिला. माझ्या डोळ्यांपुढं निळी पिशवी नाचायला लागली. ज्याच्या सहीवर सगळं अडलंय, त्यालाच ही बाई लिंबाखाली बसवतेय! आयुष्यात पहिल्यांदा न्हाई म्हणायला शिकली, आणि कुणाला म्हणतेय! मी धावत माझी पिशवी आणली, स्वतःच्या लग्नातला तांब्या काढला, भरला आणि पुढं केला.

"हा घ्या साहेब, हा घ्या! होता एक!"

अव्वांनी तो माझ्या हातातून काढून घेतला. त्याच्यावरची अक्षरं अंगठ्यानं चाचपली आणि पाणी लिंबाच्या बुडाशी ओतून दिलं.

"ह्यो उदगीरच्या पोत्यातला हाय," त्या म्हणाल्या. "बाकी एकुनीस तिथंच हायेत."

माझा आ वासलेला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"सुकन्यानं दुसऱ्याच दिशी फोन केला. लेक माझी हाय ती, तुझी न्हाई. तू माझे तांबे दडवशील आन् मला कळनार न्हाई व्हय?"

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? माझ्या तोंडातून न्हाई निगत नव्हतं. तू तांब्याच्या तोंडातून काढलंस, बरं झालं." त्यांनी पदरानं तांब्या पुसला आणि त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "श्रीशैल तुझाच एकलीचा नवरा हाय व्हय? सा वर्सं माझं बी लेकरू चाकनला व्हतं. चाळीस म्हंजे चाळीस."

मला रडू आलं आणि हसूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे उचकी लागली. किशनरावांनी आधी माझ्याकडं, मग अव्वांकडं, मग रिकाम्या फळीकडं पाहिलं. टोपी काढली आणि वैजनाथांच्या शेजारी लिंबाखाली जाऊन बसले. वैजनाथांनी त्यांच्यापुढं शेंगा सरकवल्या.

पस्तीस मिनिटं बसले. मी तीन वेळा चहा दिला. शेवटी निलंग्याचे एक आजोबा बेटावरून परत आले, अव्वांनी त्यांचा तांब्या राखेनं घासला, भरला आणि दोन्ही हातांनी साहेबांपुढं धरला. "या या, बर्री!" साहेबांनी पाय धुतले, तांब्या घेऊन नावेत बसले, पलीकडे जाऊन दोनदा मोजलं. दोन्ही वेळा चाळीस भरले, चाळिसावे ते स्वतः. आडात डोकावले, संडासाची कडी लावून पाहिली आणि माझ्या हातची भाकरी खाल्ली.

जाताना त्यांनी तांब्या फळीवर पालथा ठेवला आणि फाइलीत लिहिलं. मी मान लांब करकरून वाचलं: पाच वर्षांसाठी शिफारस. मर्यादा चाळीस. खाली कंसात, मोजण्याची पद्धत तांबे. श्रीशैलनं मला सगळ्यांदेखत उचललं. टेम्पोवाल्यांनी शिट्ट्या मारल्या, आणि अव्वांनी "लाजा हायेत का" म्हणत तोंड फिरवून डोळे पुसले.

मग त्या घरात गेल्या. खुंटीवरची निळी पिशवी त्यांनी काढली, श्रीशैलचे कपडे माझ्या कपाटात नीट घडी करून ठेवले आणि माझ्या लग्नातला तांब्या रिकाम्या पिशवीच्या तळाशी घातला.

"ही उदगीरला दे धाडून," त्या म्हणाल्या. "बाकीचे एकुनीस बी हिच्यातच ठिव म्हनावं सुकन्याला. आन् परत धाडू नको म्हनावं, हितं लागायची न्हाई."