दोन्ही हातांचं मशीन

पत्र्यातून बिजागऱ्या कापणाऱ्या प्रेसच्या खात्यात तिला सगळे वहिनीच म्हणत. धाकटा दीर त्याच खात्यात कामाला. तो वहिनी म्हणायचा, म्हणून सगळेच म्हणू लागले. कामगारांमधूनच माणसं निवडून सुरक्षा समिती करायची ठरली, तेव्हा सगळ्यांनी तिलाच पुढे केलं. साहेबांसमोर न चाचरता बोलणारी तीच एक होती.

तोवर प्रेस पायाने चालायची. पाय दाबला की वरचा जड ठोकळा खाली, मग हात आत असो की बाहेर. पहिल्याच बैठकीत वहिनी म्हणाली, "दोन बटणं बसवा. दोन्ही हातांनी दाबल्याशिवाय प्रेस खाली येताच कामा नये."

साहेबांनी ऐकलं. बटणं बसली. त्या दिवशी घरी जाताना दीर म्हणाला, "वहिनी, आता तुमचा पुतळा उभारायचा तेवढा राहिलाय." ती हसली, पण आतून सुखावली.

अडचण पुढच्याच आठवड्यात कळली. दर बिजागरीला दोन्ही हात बाहेर काढायचे, म्हणजे वेळ जाणार. पाळीला भरायचा आकडा मात्र होता तेवढाच. तिने बैठकीत विषय काढला.

"वेग हा उत्पादनाचा प्रश्न आहे," साहेब शांतपणे म्हणाले. "समितीने सुरक्षिततेचं बघावं."

मग लोकांनी आपापली वाट काढली. एका बटणात लाकडाची पाचर ठोकून ते दाबलेलंच ठेवायचं आणि दुसरं एका हाताने चालवायचं. ही युक्ती पहिल्यांदा सुचली ती दिराला. वहिनीने त्याची पाचर उपटून काढली.

"आकडा भरला नाही तर मला घरी बसवतील," तो म्हणाला. "तुम्ही समितीत आहात वहिनी, तुम्हाला कोण हात लावणार?"

ते तिला फार लागलं. घरी कपड्यांच्या घड्या घालता घालता दिराची बायको, तिची धाकटी जाऊ, म्हणाली, "ताई, वर काही सांगू नका हो. घरचंच माणूस उलटलं म्हणतील."

तरी कोणाचंही नाव न घेता ती सुपरवायझरला सांगून आली. "समिती तुमची, माणसं तुमची," तो म्हणाला. "तुम्हीच समजवा. त्यासाठीच तर तुम्हाला घेतलंय."

ती रोज एकेका मशीनपाशी जाऊन पाचरी काढायची. पाठ वळली की पाचर परत जागेवर. ती आली की बोलणी थांबायची. चहाच्या सुट्टीत शेजारचं बाक रिकामं राहू लागलं. शेवटी ती थकली आणि दिराच्या मशीनकडे बघायचंच तिने सोडून दिलं.

एक दिवस जेवणाच्या सुट्टीआधी दिराच्या प्रेसमध्ये एक तुकडा अडकला. तो काढायला त्याने उजवा हात घातला आणि डावं कोपर मोकळ्या बटणावर पडलं. प्रेस खाली आली. आवाज रोजच्यासारखाच झाला. तो ओरडलाही नाही. "वहिनी," एवढंच म्हणाला, काहीतरी मागावं तसं.

चौकशीत साहेब आवाज न चढवता बोलले. "यंत्रणा होती. तुम्हीच मागितलेली. ती निकामी केलीय हेही तुम्हाला माहीत होतं."

"आकडा कमी करा म्हणून मी सांगितलं होतं."

"तो समितीचा विषय नव्हता."

तिने समिती सोडली. तिच्या जागी कोणी पुढे आलं नाही, तेव्हा सुपरवायझरनेच एकाला बसवलं.

दिराची चार बोटं गेली. त्याने तिला कधी बोल लावला नाही. तिने ताट नेलं की "ठेवा" म्हणायचा आणि ती खोलीबाहेर गेल्यावरच डाव्या हाताने जेवायचा. कंपनीने माणुसकी दाखवून त्याच्या जागी जावेला कामावर घेतलं आणि शिकवायला वहिनीकडेच दिलं.

जाऊ मन लावून शिकली. महिनाभरात हात बसला. मग एक दिवस पाळी सुटताना तिने खालच्या आवाजात विचारलं, "ताई, माझा आकडा रोज मागे पडतोय. बाकीच्यांचा कसा भरतो?"

"दोन्ही हात बटणांवर ठेवायचे," वहिनी म्हणाली.

"ते ठेवतेच हो. त्याने भरत नाही ना. सुपरवायझर दोनदा बोलून गेला."

वहिनीने तिच्याकडे पाहिलं. वाकून जावेच्या मशीनची दोन्ही बटणं बोटांनी चाचपून पाहिली. पाचर कुठेच नव्हती. मग पुढची पाळी आत शिरत असताना दोघी गर्दीतून वाट काढत फाटकाबाहेर पडल्या.